पंखांवरची जकात
(तृतीय वर्ष कला, अर्थशास्त्र विभाग)

नाणेघाटाच्या माथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे. कोकणातल्या बंदरांवरून माल लादून जुन्नरकडे निघालेले तांडे घाट चढून आले, की व्यापाऱ्यांनी जकातीची नाणी त्या रांजणात टाकायची आणि मगच पुढे सरकायचे, असे त्या परिसरातले लोक सांगतात. ही आख्यायिका कितपत खरी हा प्रश्न आपण इतिहास विभागाकडे सोपवू. पण जकात कशी असावी याविषयीचे एक शहाणपण तिच्यात आहे खास. माल ओळखता यावा, दर सर्वांना ठाऊक असावा आणि आपण कशासाठी भरतो आहोत हे भरणाऱ्याला कळावे. मीठ म्हणजे मीठ, कापड म्हणजे कापड. तेथे वादाला जागा नाही.

आता असे समजा, की मुंबईला सहारच्या हवाई मालगोदामात परदेशातून एक लांबच लांब पिशवी येऊन पडली आहे. लांबी पाच-साडेपाच मीटर, वजन तीस किलोच्या आसपास. आत ॲल्युमिनियमच्या नळ्या, पोलादी तारा आणि डेक्रॉनचे शिवलेले कापड. हे काय आहे? मांडवाचे सामान म्हणावे तर तसेही दिसते. होडीचे शीड म्हणावे तरी खपून जाईल. मागविणाऱ्याला विचाराल तर तो म्हणेल, "साहेब, खेळाचे सामान आहे." आणि कायद्याला विचाराल तर तो म्हणेल, "हे विमान आहे."

या एका उत्तरातून पुढचे सारे रामायण घडते. ग्लायडर, हँग ग्लायडर आणि त्यांचे धाकटे भावंड पॅराग्लायडर यांच्या आयातीवर आपल्याकडे जे नियम लागू होतात, त्यांच्याविषयी मला येथे लिहावयाचे आहे. विषय ऐकून वर्गातले मित्र हसले. "महागाई, बेकारी, परीक्षांचे निकाल हे विषय संपले काय रे?" असे एकाने विचारले. त्याला माझे उत्तर असे, की शितावरून भाताची परीक्षा होते. मोठ्या धोरणांवर सगळेच बोलतात. पण राज्यकारभाराची खरी नाडी अशा कोपऱ्यातल्या नियमांतच हाताला लागते. शिवाय या नियमाच्या दुसऱ्या टोकाला माणसाचा जीव लोंबकळत असतो, आणि हे मी अलंकारिक अर्थाने म्हणत नाही.

प्रथम वर्गवारी पाहू. जगातल्या बहुतेक देशांत मालाची जकात ठरविताना एकच आंतरराष्ट्रीय वर्गीकरण वापरतात. ते १ जानेवारी १९८८ पासून अमलात आले. आपला १९७५ चा सीमाशुल्क दरपत्रक कायदाही त्याच साच्यात बसविलेला आहे. या वर्गीकरणाचे ८८ वे प्रकरण विमाने, अवकाशयाने आणि त्यांचे भाग यांचे. त्यातल्या ८८०१ या शीर्षकाखाली बलून, हवाई जहाजे, ग्लायडर, हँग ग्लायडर आणि इंजिन नसलेली इतर वायुयाने येतात. त्याच्या शेजारी ८८०२ मध्ये बोइंग आणि हेलिकॉप्टर नांदतात. हँग ग्लायडरला इंजिन जोडले, की त्याने ८८०१ चे घर सोडले असे समजावे, कारण त्या घराची अटच मुळी इंजिन नसण्याची आहे. पॅराग्लायडर मात्र ८८०४ मध्ये, पॅराशूटांच्या पंगतीत. म्हणजे एकाच डोंगरावरून, एकाच वाऱ्यावर, एकाच दुपारी उडणारी दोन भावंडे; एकाला नळ्यांचा सांगाडा आहे म्हणून ते ग्लायडर, दुसऱ्याला नाही म्हणून ते पॅराशूट. बॅटी, रॅकेटी, चेंडू हे क्रीडासाहित्य ९५ व्या प्रकरणात येते. संक्रांतीचा पतंग खेळणे म्हणून तेथेच. खेळणाऱ्याच्या लेखी हा खेळ असला, तरी दरपत्रकाच्या लेखी तो विमानोड्डाणच होय.

पतंगाचे नाव निघाले म्हणून सांगतो. १९३४ च्या भारतीय विमान कायद्याने विमानाची जी व्याख्या केली होती, तिच्यात हवेच्या आधाराने वातावरणात तरंगणारे कोणतेही यंत्र येत होते, आणि बलून, ग्लायडर यांच्या जोडीला पतंगाचाही उल्लेख होता. म्हणजे गच्चीवरून 'काट्टा' ओरडणारा प्रत्येक पोरगा काटेकोरपणे पाहता वैमानिकच! हा कायदा जाऊन २०२४ चा भारतीय वायुयान अधिनियम आला आणि तो १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. पण उडते ते विमान, हा विचार आपल्या कायद्याच्या अंगात किती मुरलेला आहे हे त्या जुन्या व्याख्येवरून ध्यानात यावे.

कोणी चतुर गृहस्थ म्हणेल, की मग हँग ग्लायडर सुटा करून आणावा. नळ्या वेगळ्या, कापड वेगळे. ही वाटही बंद आहे. वर्गीकरणाच्या सर्वसाधारण नियमांतच लिहिले आहे, की वस्तू जोडलेली नसली, किंबहुना अपुरी असली, तरी तिच्यात पुऱ्या वस्तूचे मुख्य लक्षण असेल तर ती पुरीच धरावी. हा नियम योग्यच आहे. नाहीतर मोटारीसुद्धा चाकांच्या आणि दरवाजांच्या नावाने आल्या असत्या.

आता पैशाचे गणित. आपल्याकडील आयातकर म्हणजे एक कर नव्हे, ती शिडी आहे. पहिली पायरी किमतीची. कर लागतो तो परदेशातल्या दुकानाच्या किमतीवर नव्हे, तर त्या किमतीत वाहतूक आणि विमा मिळवून होणाऱ्या रकमेवर. हवाई वाहतुकीचा खर्च कितीही आला तरी मूळ किमतीच्या २० टक्क्यांपर्यंतच धरतात, आणि विम्याचा आकडा मिळत नसेल तर १.१२५ टक्के धरतात. दुसरी पायरी मूळ सीमाशुल्काची. तिसरी पायरी समाजकल्याण अधिभाराची, जो २०१८ च्या अर्थसंकल्पात आला आणि जो शुल्कावर दहा टक्के असा ठरला. चौथी पायरी एकात्मिक वस्तू व सेवा कराची. तो या सर्वांच्या बेरजेवर बसतो. म्हणजे करावरही कर.

दर अर्थसंकल्पागणिक बदलतात, म्हणून उदाहरणापुरते मूळ शुल्क १० टक्के आणि एकात्मिक कर १८ टक्के धरून चालू. १,००,००० रुपयांचा पंख घ्या. वाहतुकीचे २०,००० आणि विम्याचे १,१२५ मिळवून १,२१,१२५ झाले. त्यावर शुल्क १२,११२ रुपये ५० पैसे. त्यावर अधिभार १,२११ रुपये २५ पैसे. एवढ्या बेरजेवर कर सुमारे २४,२०१ रुपये. शेवटी हातात पडणारा पंख १,५८,६५० रुपयांचा. यात क्लिअरिंग एजंटची फी नाही आणि गोदामात माल अडकला तर रोज चढणारे डेमरेजही नाही. बरे, एक लाखाचा आकडा आपण सोयीसाठी घेतला. युरोपात नव्या पॅराग्लायडरला तीन-चार हजार युरो सहज मोजावे लागतात. वाचकांनी गणित स्वतःच पुढे चालवावे.

इतके असूनही, केवळ दर जास्त आहेत अशी माझी तक्रार नाही. कराशिवाय राज्य चालत नाही, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला कोणी सांगायला नको. माझी तक्रार निराळी आहे. हा कर नेमका कोणत्या वस्तूवर पडतो, याचा विचार कोणी केलेला दिसत नाही.

हवेत उडणाऱ्या माणसाच्या अंगावर काय काय असते ते पाहा. एक पंख. एक बैठक, जिला हार्नेस म्हणतात. डोक्यावर शिरस्त्राण. उंची सांगणारे एक लहानसे यंत्र. आणि मांडीखाली किंवा पाठीमागे घडी करून ठेवलेले एक राखीव पॅराशूट. पंख हवेत मिटला आणि उघडेना, तर हाताने भिरकावायचे ते हेच. पंखाची युरोपीय मानकाप्रमाणे परीक्षा होते आणि त्याला ए, बी, सी, डी अशी श्रेणी मिळते. ए म्हणजे नवशिक्याला क्षमा करणारा, डी म्हणजे पट्टीच्या उडाणटप्पूंसाठी. उन्हाने आणि वापराने पंखाचे नायलॉन जीर्ण होते, त्यातून हवा झिरपू लागते, दोऱ्या आटतात किंवा ताणतात. काहीशे तासांच्या उड्डाणानंतर पंख तपासून घ्यावा लागतो आणि कधीतरी तो निकालात काढावाच लागतो. आता अशी वस्तू महाग केली तर माणूस काय करील? तो उडायचे थांबवील असे अर्थशास्त्राच्या पुस्तकातली मागणीची वक्ररेषा सांगेल. प्रत्यक्षात तो जुनाच पंख आणखी दोन हंगाम चालवितो, आणि राखीव पॅराशूट "पुढच्या वर्षी घेऊ" म्हणतो. काटकसर जेथे होऊ नये तेथेच ती प्रथम होते.

आमच्या परिचयाचा एक विद्यार्थी आहे. एन.सी.सी.च्या हवाई शाखेत असताना त्याला उडण्याचे वेड लागले. त्याच्या मावशीच्या यजमानांनी परदेशातून त्याच्यासाठी एक वापरलेला पण तपासलेला पॅराग्लायडर, हार्नेस आणि राखीव पॅराशूट असे पार्सल पाठविले. एका कचेरीत ते अडकले. एकाने सांगितले की हे विमान आहे, परवानगी आणा. दुसऱ्याने सांगितले की हे पॅराशूट आहे, म्हणजे लष्करी सामान असणार. तिसऱ्याने सांगितले की जुना माल आहे, याला परवाना लागतो. तिघेही सभ्यपणे बोलले, लाच कोणी मागितली नाही. पण दीड महिना गेला, गोदामभाडे पार्सलाच्या किमतीशी शर्यत करू लागले, आणि शेवटी त्याने ते सोडून दिले. मग त्याने येथेच कोणाकडून तरी जुना पंख घेतला. राखीव पॅराशूट त्याच्यासोबत मिळाले नाही. पुढच्या मार्चमध्ये उतरताना तो पडला आणि घोटा मोडला. उंची थोडी होती म्हणून घोट्यावर भागले. या पडण्याचा दोष मी त्या कचेरीला देत नाही. वारा कोणाच्या ताब्यात नसतो. पण तपासलेला पंख गोदामात आणि न तपासलेला पंख आभाळात, ही वाटणी ज्या नियमांनी घडविली ते नियम तपासायला हवेत, असे म्हटल्यावाचून राहवत नाही.

त्या तिसऱ्या गृहस्थाचे म्हणणे कायद्याला धरून होते, हे येथे सांगितले पाहिजे. आपल्या परकीय व्यापार धोरणानुसार भांडवली यंत्रसामग्री वगळता इतर वापरलेल्या वस्तूंची आयात निर्बंधित वर्गात मोडते. ती परवान्यावाचून होत नाही. या नियमामागचा हेतू चांगला आहे. श्रीमंत देशांच्या भंगाराची आपण उकिरडा होऊन वाट पाहावी असे कोणालाच वाटणार नाही. पण जुने कपडे आणि जुना पंख यांत फरक आहे. पंखाची सच्छिद्रता मोजता येते, दोऱ्यांची ताकद मोजता येते, आणि मोजून तसा दाखला देता येतो. जेथे मोजमाप शक्य आहे तेथे सरसकट मनाई का असावी?

आता प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकू. ते तीन प्रकारचे आहे आणि तिन्ही प्रकार विचारात घेण्याजोगे आहेत.

पहिला आक्षेप आमच्याच एका प्राध्यापकांनी घेतला. "ज्या देशात शाळेला छप्पर नाही, त्या देशाने श्रीमंतांच्या हौशीवरचा कर का सोडावा?" प्रश्न रास्त आहे. पण उडणारे कोण आहेत ते आधी पाहावे. हिमाचल प्रदेशातील बीर-बिलिंगचे नाव अनेकांनी ऐकले असेल. बिलिंगची उड्डाणाची जागा सुमारे २,४०० मीटर उंचीवर आहे आणि २०१५ मध्ये तेथे पॅराग्लायडिंगची विश्वचषक स्पर्धा झाली. तेथे पर्यटकाला पुढे बसवून उडविणारे बरेचसे वैमानिक त्याच खोऱ्यातले तरुण आहेत. आपल्याकडे कामशेतला आणि पाचगणीला हाच व्यवसाय चालतो. पंख ही त्यांची हौस नव्हे. रिक्षावाल्याची रिक्षा तसा त्यांचा पंख. हौस पर्यटकाची आहे आणि तीही दहा-पंधरा मिनिटांची. त्या मिनिटांत पर्यटकाचा जीवही त्याच पंखाला टांगलेला असतो. श्रीमंताच्या हौशीवर कर लावायचाच असेल तर उड्डाणाच्या तिकिटावर लावावा. पोटासाठी उडणाऱ्याच्या राखीव पॅराशूटवर तो लावल्याने शाळेला छप्पर मिळत नाही, कारण मुळात अशी आयातच इतकी थोडी, की तिच्यातून तिजोरीत पडणारी भर कोणाच्या नजरेतही भरणार नाही.

दुसरा आक्षेप स्वदेशीचा. "बाहेरचा माल स्वस्त झाला तर आपला उद्योग उभा कसा राहील?" हा आक्षेप मला सर्वांत जवळचा वाटतो, म्हणूनच त्याचे उत्तर जरा विस्ताराने देतो. स्वातंत्र्यानंतर आपल्या नागरी विमानवाहतूक खात्याच्या दिल्लीच्या तांत्रिक केंद्राने स्वतः ग्लायडर रचले. त्यांची नावे मोठी सुंदर होती: अश्विनी, भरणी, कार्तिक, रोहिणी, मृगशीर्ष, आर्द्रा. पंचांग उघडून पाहा, पहिली सहा नक्षत्रे ओळीने आहेत. कृत्तिकेच्या जागी कार्तिक एवढाच काय तो फरक. पहिला अश्विनी १९५८ च्या सुमारास उडाला. पुण्याजवळ हडपसरच्या ग्लायडिंग केंद्राने अनेक दशके तरुणांना इंजिनावाचून उडायला शिकविले. त्या काळी परकीय चलनाची चणचण होती, आयातीला परवाना लागत असे, आणि बाहेरचा माल अडविताना आत काहीतरी घडत होते. संरक्षक जकातीचा हाच अर्थ आहे: रोप लहान आहे, म्हणून कुंपण घालायचे.

पण आज कुंपणाच्या आत रोप कोठे आहे? आर्द्रेनंतरची नक्षत्रे उगवलीच नाहीत. कानपूरला १९४१ पासून पॅराशूटचा सरकारी कारखाना आहे. २०२१ मध्ये आयुध कारखान्यांच्या सात कंपन्या झाल्या तेव्हा त्या कारखान्याच्या कंपनीचे नाव 'ग्लायडर्स इंडिया लिमिटेड' असे ठेवण्यात आले. नाव ग्लायडर्स, माल मुख्यतः लष्कराची पॅराशूटे! आपल्याकडे कौशल्य नाही असे यावरून कोणी म्हणणार नाही. कापड आहे, शिवणकाम आहे, हवेत माणूस तोलून धरणारी पॅराशूटे सैन्याला पुरविण्याचा पाऊण शतकाहून अधिक अनुभव आहे. नाही ते एवढेच, की सामान्य क्रीडावैमानिकासाठी पंख बनविण्याची कोणाला निकड नाही. आणि निकड तेव्हा निर्माण होईल, जेव्हा उडणारे हजारोंनी होतील. म्हणजे आधी गिऱ्हाईक, मग कारखाना. आपण गिऱ्हाईकच वाढू देत नाही आणि कारखान्याची वाट पाहत बसलो आहोत.

येथे जर्मनीचे उदाहरण आठवते. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनीच्या विमानांवर कडक बंधने घातली. इंजिनाची वाट अडली, तेव्हा तिथल्या तरुणांनी इंजिनाविना उडायचे ठरविले. १९२० मध्ये वासरकुप्पे नावाच्या डोंगरावर ग्लायडरच्या स्पर्धा सुरू झाल्या. हानोव्हरच्या विद्यार्थ्यांचा 'व्हॅम्पायर' हा ग्लायडर १९२२ मध्ये तासाहून अधिक काळ, पुढे तीन तासांपर्यंत हवेत राहिला. ध्यानात घ्या, विद्यार्थ्यांचा! बंधन घातले तरी विद्या वाढते, असा याचा अर्थ कोणी काढील. मी तसा काढत नाही. बंधन इंजिनावर होते, पंखावर नव्हते. पंखाची वाट मोकळी होती म्हणून विद्या त्या वाटेने वाढली. नियम जिकडे उतार ठेवतो तिकडे पाणी धावते. म्हणून उतार कोणीकडे ठेवायचा याचा विचार नियम करणाऱ्याने करायचा असतो.

तिसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. १९८७ च्या नोव्हेंबरात लेबनॉनमधून यांत्रिक हँग ग्लायडरवरून आलेल्या हल्लेखोराने इस्रायलचे सहा सैनिक मारले. ७ ऑक्टोबर २०२३ च्या हल्ल्यात इंजिन लावलेले पॅराग्लायडर वापरले गेले हे साऱ्या जगाने पाहिले. आपल्याकडेही प्रजासत्ताकदिन, स्वातंत्र्यदिन जवळ आले की दिल्लीचे पोलीस ड्रोन, पॅराग्लायडर, हँग ग्लायडर यांच्या उड्डाणावर मनाई हुकूम काढतात; मुंबईतही असे हुकूम निघतात. मुंबईने जे सोसले आहे ते पाहता या हुकमांना नावे ठेवण्याचे धाडस मी करणार नाही. परंतु दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. एक, या घटनांत इंजिन होते. बिनइंजिनाचा पंख डोंगरावरून सुटतो आणि दरीत उतरतो. दुसरी आणि महत्त्वाची, जकात हे सुरक्षिततेचे हत्यारच नव्हे. वाईट हेतूचा माणूस पैसे भरायला मागेपुढे पाहत नाही. तो भरून मोकळा होतो. अडतो तो पैसे नसलेला प्रामाणिक माणूस. राष्ट्राच्या सुरक्षिततेसाठी हवी ती नोंद: पंख कोणाचा, कोठे असतो, कोणाला विकला. अशी नोंदवही ठेवायला जकातीची गरज नाही. उलट जकात जितकी जड, तितका माल आडवाटेने येणार आणि नोंदवहीत त्याचे नाव कधीच चढणार नाही. म्हणजे आजचा नियम सुरक्षितता वाढवीत नाही, आंधळेपणा वाढवितो.

या साऱ्यात एक गोष्ट मला विशेष बोचते. आजच्या हँग ग्लायडरचे मूळ फ्रान्सिस रोगॅलो या अमेरिकन अभियंत्याच्या लवचिक पंखात आहे. पत्नी गर्ट्रूड यांच्यासह त्यांनी १९४८ मध्ये तो पंख घडविला. त्याच्या पहिल्या नमुन्यासाठी स्वयंपाकघरातल्या पडद्याचे कापड वापरले होते म्हणतात. १९५१ मध्ये त्यांना पेटंट मिळाले, आणि पुढे त्यांनी त्या पंखाच्या वापरावर मोबदला मागितला नाही. तो सर्वांना खुला केला. ज्याने शोध लावला त्याने उडणाऱ्याकडून काही घेतले नाही. मधल्या नाक्यांनी मात्र घेतले.

केवळ दोष दाखवून थांबणे हे विद्यार्थ्याला शोभत नाही, म्हणून काही सूचना नम्रपणे मांडतो.

पहिली: राखीव पॅराशूट, शिरस्त्राण आणि मानकाप्रमाणे तपासलेले हार्नेस यांच्यावरील शुल्क पूर्ण माफ करावे. जीव वाचविणाऱ्या औषधांना आपण सवलती देतो. जीव वाचविणाऱ्या कापडाला का देऊ नये?

दुसरी: ग्लायडर, हँग ग्लायडर आणि पॅराग्लायडर यांना दरपत्रकात कोणतेही शीर्षक असो, शुल्क आणि परवानगी यांच्या बाबतीत एकच नियम असावा. आंतरराष्ट्रीय वर्गीकरण आपल्या हाती नाही, पण सवलतीची अधिसूचना आपल्याच हाती आहे. राष्ट्रीय क्रीडा महासंघांना आणि नामांकित खेळाडूंना क्रीडासाहित्यासाठी अशा सवलती १९९४ च्या अधिसूचनेने दिल्याच होत्या. ती वाट शिकाऊ वैमानिकापर्यंत आणि एन.सी.सी.पर्यंत आणावी.

तिसरी: वापरलेला पंख तपासणीच्या दाखल्यासह आणू द्यावा. दाखला किती महिन्यांच्या आतला हवा हे तज्ज्ञांनी ठरवावे.

चौथी: ज्या भारतीय खेळाडूला स्वतःचा पंख घेऊन परदेशी स्पर्धेला जायचे आहे, त्याने निघताना कस्टमकडून निर्यात प्रमाणपत्र घेतले तर परतताना शुल्क पडत नाही. ही सोय आजही आहे. पण ती किती जणांना माहीत आहे? तशीच, आपला पंख खासगी वापरासाठी मागविणाऱ्याला आयात-निर्यात क्रमांक काढावा लागत नाही, हेही अनेकांना ठाऊक नसते. असे सर्व नियम साध्या मराठीत आणि हिंदीत एका पानावर छापून मिळावेत. ज्या नियमासाठी दलाल लागतो तो नियम अर्धाच जाहीर झालेला असतो.

हे मागणे हवेतले आहे असे कोणी म्हणू नये. केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये राष्ट्रीय हवाई क्रीडा धोरण प्रसिद्ध केले. हँग ग्लायडिंग, पॅराग्लायडिंग, ग्लायडिंग हे सारे खेळ त्यात आहेत. देशात साहित्य बनावे अशी इच्छा त्यात आहे आणि कराचा भार हलका करण्याची भाषाही आहे. पण धोरण एका मंत्रालयाचे आणि जकात दुसऱ्या मंत्रालयाची. आपल्याकडे दोन खात्यांमधले अंतर हे दोन डोंगरांमधल्या अंतराहून मोठे असते, आणि ते ओलांडायला अजून कोणताही पंख पुरा पडलेला नाही. जगाच्या पातळीवर पाहिले तर नागरी विमानांच्या व्यापारावरील शुल्क काढून टाकणारा एक करार १९७९ मध्ये झाला आणि १९८० पासून तो लागू आहे. ग्लायडरही त्याच्या यादीत आहेत. आपण त्या करारावर सही केलेली नाही, नुसते निरीक्षक म्हणून बसतो. सही करावी की नाही हा मोठा प्रश्न आहे, त्यात मोठमोठ्या विमानांचा हिशेब गुंतलेला आहे. पण निरीक्षकाने निरीक्षण तरी करावे, की इतर देशांनी या लहानशा वस्तूला मोकळी वाट दिल्याने त्यांची तिजोरी रिकामी झाली नाही.

पुराणातल्या पुष्पक विमानाचा आपल्याला मोठा अभिमान आहे. अभिमानाला जकात नसते, म्हणून तो मुबलक आहे. त्यापेक्षा एखाद्या तालुक्याच्या महाविद्यालयात, विज्ञानाचा वा कलेचा असो, एक तरी विद्यार्थी असा निघावा की ज्याने गावच्या टेकडीवरून तपासलेल्या पंखाने, पाठीशी राखीव पॅराशूट बांधून उडी घेतली आणि तो सुखरूप उतरला. याचा अभिमान मला अधिक खरा वाटेल. ती उडी त्याच्या धैर्यावर अवलंबून असावी, वडिलांच्या मिळकतीवर नव्हे.

दरवर्षी अर्थसंकल्पापूर्वी अर्थमंत्रालय जनतेकडून सूचना मागविते. व्यापारी संघ पाठवितात, कारखानदार पाठवितात. महाविद्यालयांतून कोणी पाठविल्याचे आमच्या ऐकिवात नाही. वरील चार सूचना एका कागदावर मावतात. अर्थशास्त्र मंडळाने आणि एन.सी.सी.च्या पथकाने मिळून तो कागद यंदा पाठवावा, असा ठराव मी या लेखाद्वारे मांडतो. अनुमोदनासाठी वाचक समर्थ आहेत.